लग्नानंतर आपलं नाव आपल्याकडेच ठेवायचं तर: पत्रिका, बँक आणि सासर

लग्नानंतर नाव न बदलण्यासाठी कायद्याने काहीही करावं लागत नाही. अर्ज नाही, शपथपत्र नाही, राजपत्रात जाहिरात नाही. हिंदू विवाह कायदा (१९५५) घ्या किंवा विशेष विवाह कायदा (१९५४), बायकोने नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असं कलम दोन्हींत नाही. जन्मापासून चालत आलेलं नाव लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही तसंच चालू राहतं. खटपट असते ती नाव बदलणाऱ्यांना.

मग मार्गदर्शक कशाला? कारण तुम्ही काही केलं नाही तरी बाकीचे करतात. पत्रिका छापणारा, आहेराचा चेक लिहिणारे काका, बँकेतला क्लार्क, प्रसूतिगृहात फॉर्म भरणारी मुलगी आणि अर्थातच नवऱ्याची आत्या. प्रत्येक जण आपापल्या परीने तुमचं नाव बदलून टाकतो, बहुतेकदा प्रेमाने आणि न विचारता. महाराष्ट्रात येत्या काही महिन्यांत लग्न करणाऱ्या मुलींसाठी, आणि त्यांच्या होणाऱ्या नवऱ्यांसाठीही, हे लिहिते आहे.

माझ्या सगळ्या सल्ल्याचा गाभा एवढाच आहे: कागदावरचं नाव आणि लोकांच्या तोंडचं नाव वेगळं धरा. पहिल्यात एक अक्षर हलू देऊ नका, दुसऱ्यात जितकं सोडवेल तितकं सोडा. जिथे वाद पेटतात तिथे बहुधा उलटं घडलेलं असतं. आत्यांनी चारचौघांत ‘सौ. अमुक तमुक’ म्हटलं म्हणून दोन दिवस अबोला, आणि त्याच आठवड्यात बँकेचा फॉर्म न वाचता सही.

पहिली पायरी: नेमकं काय ठेवायचं ते ठरवा

‘आडनाव बदलणार नाही’ एवढं ठरवून आपल्याकडे भागत नाही, कारण आपलं नाव तीन तुकड्यांचं असतं. समजा तुमचं नाव स्नेहा विलास कदम आहे आणि नवरा आहे निखिल पवार. रूढीप्रमाणे तुम्ही स्नेहा निखिल पवार होता, म्हणजे आडनावाबरोबर मधलं वडिलांचं नावही जातं. काही घरांत तर पहिलंही जातं, त्याबद्दल पुढे. ‘मी कदमच राहणार’ असं सांगितल्यावर सासरची माणसं मोठ्या मनाने ‘बरं, स्नेहा निखिल कदम’ असं ठरवून टाकतात. ऐकायला ही तडजोड गोड वाटते, पण कागदाच्या दृष्टीने स्नेहा विलास कदम आणि स्नेहा निखिल कदम ही दोन वेगळी नावं आहेत. दहावीची गुणपत्रिका, पॅन, पासपोर्ट, कशाशीच दुसरं जुळणार नाही.

म्हणून ठरवताना पूर्ण नाव ठरवा, आणि इंग्रजी स्पेलिंगसकट. तुमच्या आधारवर मधलं नाव आहे की नाही, पासपोर्टवर ते ‘दिलेलं नाव’ या रकान्यात आहे का, पॅनवर आद्याक्षर आहे की पूर्ण नाव, हे सगळे कागद समोर मांडून एकदा पाहून घ्या. कित्येकींच्या कागदांत लग्नाच्या आधीच तफावत असते आणि लग्नानंतर तिचं खापर ‘नाव बदललं नाही ना, म्हणून’ असं फोडलं जातं. ती तफावत आत्ताच मिटवा.

दोन्ही आडनावं लावण्याचा मार्गही पुष्कळ जणी सुचवतात: स्नेहा कदम-पवार. समाजमाध्यमांवर, घराच्या पाटीवर, लग्नाच्या वाढदिवसाच्या केकवर खुशाल लावा. पण कागदोपत्री हा मधला मार्ग सगळ्यात लांबचा आहे. जोड-आडनाव हा नावातला बदलच धरला जातो, म्हणजे राजपत्र, आधार, पॅन, बँक, सगळं पायरीपायरीने बदलत जायचं, आणि पदरात पडतं ते कुठल्याही फॉर्मच्या चौकटीत न मावणारं नाव. शिवाय सासरी समाधान अर्धंच. मला हा सौदा कधी पटलेला नाही, पण ज्यांना मनापासून दोन्ही हवीत त्यांनी कष्ट माहीत करून घेऊन जरूर करावा.

‘आधी बदलू, नाही पटलं तर परत घेऊ’ असाही विचार असतो. परत येणं जाण्याइतकं सोपं नाही. आधारवर नावातला बदल सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच करता येतो, आणि जाऊन परत आलात की दोन्ही संधी संपल्या. माहेरचं आडनाव पुन्हा घेऊ पाहणाऱ्या विवाहितेकडे केंद्राच्या राजपत्र विभागाने घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागण्याची अट घातली होती. त्या अटीला २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान द्यावं लागलं. नाव ठेवायला कुणाचीही ना-हरकत लागत नाही. खात्री नसेल तेव्हा न बदलणं हाच शहाणपणा, कारण बदलायचा मार्ग पुढे कधीही मोकळा असतो.

दुसरी पायरी: सांगायचं कुणी, कधी

सासूसासऱ्यांना सांगायचं काम नवऱ्याचं. त्याच्या आईवडिलांना, त्याने, तुमच्या गैरहजेरीत. ‘तूच बोल ना, तू छान समजावतेस’ या कौतुकाला भुलू नका. तुम्ही सांगितलंत तर ती नव्या सुनेची अट ठरते, मुलाने सांगितलं तर घरातला निर्णय ठरतो. त्याने वापरायचं वाक्यही ठरवून घ्या. ‘तिला नाव बदलायचं नाहीये’ असं म्हणणारा मुलगा निरोप्याचं काम करतो. ‘आम्ही दोघांनी ठरवलंय, ती तिचंच नाव लावणार’ असं म्हटलं की जबाबदारी त्याचीही होते. हे वाक्य उच्चारताना तो अडखळत असेल तर आधी ती अडचण सोडवा. सासूबाईंशी बोलण्याच्या कितीतरी आधीचं ते काम आहे.

वेळ: साखरपुड्याच्या आधी. याद्या झाल्या, हॉल ठरला, पत्रिकेचा मजकूर गेला, की प्रत्येक गोष्ट मानापमानात जाऊन बसते. लग्नानंतर कळलं तर ‘आमच्यापासून लपवलं’ हा नवा मुद्दा तयार होतो आणि मूळ मुद्द्यापेक्षा तो जड असतो.

कारण काय द्यायचं? इथे बहुतेक जणी एक सोपी पळवाट धरतात: ‘कागदपत्रांचा फार त्रास आहे हो.’ नातेवाइकांसाठी हे वाक्य उत्तम आहे. घरच्यांसाठी मात्र अडचणीचं, कारण आठवड्याभरात सासरे एखादा ओळखीचा एजंट घेऊन येतात, ‘हा सगळी कागदपत्रं करून देतो, तुला कुठे जावं लागणार नाही.’ मग काय सांगणार? म्हणून घरात खरं कारण पहिल्यांदा सांगा: ‘हे माझं नाव आहे, मला ते आवडतं, मला तेच ठेवायचंय.’ त्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. कागदपत्रांचं वाक्य सासूबाईंना देऊन ठेवा. त्यांना भिशीत, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या जिन्यात उत्तर द्यावं लागणार असतं, आणि ‘तिची सगळी सर्टिफिकेटं त्या नावाने आहेत’ हे त्यांना मान खाली न घालता सांगता येतं. सासूबाईंची अडचण पुष्कळदा तुमच्या नावाबद्दल नसतेच. चारजणींनी विचारल्यावर काय सांगायचं, ही असते.

येणारे प्रश्न ठरलेले असतात, त्यामुळे उत्तरंही तयार ठेवता येतात.

‘कुळाचाराचं काय?’ पूजेच्या संकल्पात गोत्राचा उच्चार होतो, आधार कार्डावरच्या आडनावाशी गुरुजींना देणंघेणं नसतं. कुलदेवतेला जाणं, नवरात्राचा घट, बोडण, जे काही घरात होतं त्यात मनापासून भाग घ्यायची तुमची तयारी असेल तर तेही याच वेळी सांगा. आडनाव नाकारणं म्हणजे घर नाकारणं, अशी जी भीती असते ती बोलण्याने कमी आणि गौरींच्या वेळी दोन दिवस रजा काढून हजर राहण्याने जास्त जाते. तुमचा या गोष्टींवर विश्वास नसेल तर मात्र खोटं आश्वासन देऊ नका, तो विषय वेगळा ठेवा.

‘आमच्या घराण्याचं नाव आहे ते, पिढ्यान्‌पिढ्यांचं.’ यावर भांडू नका, विचारा. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख ही मुळात वतनाची, हुद्द्यांची नावं. ‘कर’ लागणारी पुष्कळशी गावांवरून आलेली. कितीतरी घराण्यांत चारपाच पिढ्यांमागे मूळ आडनाव वेगळं होतं आणि ते कुळवृत्तांतात छापलेलंही असतं. सासऱ्यांना मूळ आडनाव विचारलंत तर ते उत्साहाने तासभर सांगतील. वाद त्याने मिटेलच असं नाही, पण ती संध्याकाळ तरी बरी जाते.

‘उद्या दवाखान्यात नातं कसं सिद्ध करणार?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तरही पक्कं आहे: विवाह नोंदणी प्रमाणपत्राने. सारखं आडनाव हा पुरावा नसतोच, नाहीतर गावातले सगळे पाटील एकमेकांचे नवरा-बायको ठरले असते.

‘नावात काय एवढं? बदलून टाक की.’ ‘एवढं काही नसेल तर राहू दे की, बाबा.’ हसून म्हणा, नाहीतर उद्धटपणा वाटतो.

‘वर्षभर राहू दे, मग बघू.’ याला हो म्हणू नका. वर्षभराने नक्की विचारतात.

आणि एक इशारा. कधीकधी सासर सहज मान्य करतं आणि अडून बसते ती तुमची स्वतःची आई. ‘तिकडे काय म्हणतील, आम्ही काही शिकवलं नाही असं म्हणतील.’ तिच्याशी बोलायचं काम मात्र तुमचं, आणि ते सासरच्या बोलण्याच्या आधी उरका. नाहीतर विहीणबाईंच्या फोनवर ती परस्पर कबूल करून मोकळी होते.

तिसरी पायरी: लग्नाचा दिवस

पत्रिकेचा मजकूर छापायला जाण्याआधी स्वतः वाचा. ‘चि. सौ. कां.’नंतर तुमचं नाव कागदपत्रांप्रमाणेच असू द्या, घरातलं लाडाचं नाव कंसात. कारण साधं आहे: विवाह नोंदणीला हीच पत्रिका पुरावा म्हणून जोडायची असते.

तांदळात नाव लिहिण्याचा विधी हा अनेकींसाठी नाजूक क्षण. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या घडीला भर मांडवात नकार देणं अवघड. म्हणून आदल्या दिवशीच नवऱ्याने ठरवून ठेवावं की विधी करायचाच असेल तर ताटात आहे तेच नाव लिहायचं. विधी होतो, फोटो होतो, कुणाला काही खटकत नाही. पहिलं नाव बदलण्याबाबत मी माझाच तोंडी सैल सोडायचा नियम लावत नाही. आडनावाने तुम्हाला दिवसातून एकदाही हाक मारत नाहीत, पहिल्या नावाने पन्नासदा मारतात. नको असेल तर पहिल्या दिवसापासून नको.

उखाण्यात मात्र आडनावांना मस्त जागा आहे. दोन्ही आडनावं गुंफून एक करून ठेवा, पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळून जातं.

आहेराचे चेक हा पैशाचा मुद्दा आहे, म्हणून जपून. नातेवाईक कौतुकाने नव्या नावाने चेक लिहितात आणि त्या नावाचं खातं तुमच्याकडे नसतं. नाव जुळलं नाही तर बँक चेक परत करते, आणि आत्येसासऱ्यांना दुसरा चेक मागणं किती अवघड ते सांगायला नको. दोन्ही घरच्यांनी आधीच सांगून ठेवावं: चेक द्यायचाच तर मुलाच्या नावाने किंवा मुलीच्या आत्ताच्या पूर्ण नावाने. तसंच मधुचंद्राची तिकिटं. दिराने हौसेने भेट म्हणून काढलेल्या विमान तिकिटावर ‘मिसेस पवार’ असेल आणि पासपोर्टवर कदम, तर विमानतळावर हौस फिटते.

चौथी पायरी: विवाह नोंदणी

नाव बदलणारीपेक्षा नाव ठेवणारीला हा कागद जास्त लागतो. नवरा-बायकोचं नातं दाखवणारा तोच एक भक्कम पुरावा, म्हणून ‘करू कधीतरी’ म्हणून टाळू नका. महाराष्ट्रात पारंपरिक पद्धतीने लागलेल्या लग्नाची नोंद १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात होते. ९० दिवसांच्या आत गेलात तर विलंब शुल्क लागत नाही. तीन साक्षीदार, पत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांचे ओळखीचे, जन्मतारखेचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, असा सगळा सरंजाम असतो. सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच राज्यांना सांगितलेलं आहे.

काही ठिकाणच्या अर्जात ‘विवाहानंतरचे नाव’ असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका आणि रेघही मारू नका. तिथे तेच पूर्ण नाव पुन्हा लिहा. रिकामा रकाना दिसला की समोरचा माणूस आपल्या सवयीने तो भरतो. प्रमाणपत्र हातात घेताना खिडकीपाशीच उभं राहून वाचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. चारपाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, आणि एक सासूबाईंच्या कपाटात.

पाचवी पायरी: कोणत्या कागदाला हात लावायचा, कोणत्याला नाही

पॅनला काहीही करायचं नाही. पॅनवर विवाहितेच्या कार्डावरही वडिलांचं किंवा आईचंच नाव असतं, नवऱ्याच्या नावाला तिथे जागाच नाही.

आधारवर फक्त पत्ता बदला, तोही सासरी किंवा नव्या घरी कायमच्या राहणार असाल तर. तुमच्या नावावर पत्त्याचा पुरावा नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलण्याची सोय आहे. नवरा किंवा सासूसासरे ओटीपीने संमती देतात आणि नात्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र चालतं. केंद्रावरच्या मुलाला आधीच सांगा, ‘फक्त पत्ता, नाव नाही’, आणि पावती वाचूनच उठा.

पासपोर्ट लग्नामुळे बदलावा लागत नाही. २०१७ मध्ये पंतप्रधानांनीही जाहीरपणे सांगितलं होतं की लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची बाईला गरज नाही. पतीचं नाव शेवटच्या पानावर घालून घ्यायचं असेल, परदेशात जोडीदार म्हणून व्हिसा घेताना ते सोयीचं पडतं, तर पासपोर्ट नव्याने काढताना तेवढंच घाला. तुमचं स्वतःचं नाव जसंच्या तसं राहतं.

मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना ८. रेशनकार्डावर माहेरी नाव कमी केल्याचा दाखला घेऊन सासरच्या कार्डात नाव चढवायचं. इथे तलाठी किंवा पुरवठा कार्यालयात ‘लग्नानंतरचं नाव सांगा’ असं हमखास विचारतात. ‘हेच’, म्हणायचं.

बँकेत नाव तेच, पत्ता नवा, आणि नॉमिनी कोण हे नव्याने ठरवायचं. भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशन लग्नानंतर पुन्हा भरा, नाव बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या दोघींनीही. हे न करणाऱ्या खूप दिसतात. तुमचं पीएफ खातं, आधार आणि पॅन यांत नाव एकसारखं असणं पैसे काढताना किती महत्त्वाचं असतं ते नोकरी बदललेल्या कुठल्याही मैत्रिणीला विचारा.

आता दोन जागा, जिथे जुनं नाव ठेवण्याचा थेट फायदा आहे आणि त्या सासरीही सांगण्यासारख्या आहेत. पहिली, जातीचा दाखला. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर ही सगळी माहेरच्या कागदांवरून चालतात. नाव बदललेलं असेल तर प्रत्येक ठिकाणी ‘ही तीच’ हे सिद्ध करत बसावं लागतं. दुसरी, माहेरची जमीन. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली २००५ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२०चा निकाल यांनी तो पक्का केला आहे, महाराष्ट्रात तर १९९४ मध्येच तशी दुरुस्ती झाली होती. हक्क आडनावावर अवलंबून नाही. पण सातबाऱ्यावर वारस नोंद करताना, फेरफाराच्या वेळी, नावं जुळत असली की एक खेटा वाचतो.

सहावी पायरी: खिडकीपलीकडच्या माणसाशी

‘मॅडम, सिस्टीम घेत नाही.’ ‘नियम आहे.’ ही दोन वाक्यं तुम्ही ऐकणारच. पहिल्याला उत्तर: विवाह प्रमाणपत्र दाखवा आणि साहेबांना विचारू या म्हणा. दुसऱ्याला: ‘कोणता नियम, तेवढं अर्जावर लिहून द्या.’ आवाज न चढवता. लिहून द्यायची वेळ आली की नियम बहुधा विरघळतो.

एक कागद मात्र ते खरोखरच दाखवू शकतात. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये शासकीय कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं करणारा निर्णय काढला. त्यात विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचं नाव, मग पतीचं नाव आणि आडनाव ही चालू पद्धत सुरू ठेवावी असं म्हटलं आहे. एवढंच वाक्य वाचून काही जण ‘बघा, शासनाचाच आदेश’ म्हणतात. त्याच निर्णयात पुढे विवाहापूर्वीच्या नावाने मालमत्तेच्या दस्तऐवजात नोंद करण्याची मुभाही दिलेली आहे. माझ्या मते हा निर्णय रूढ पद्धत चालू ठेवतो, नाव न बदललेल्या बाईला नाव बदलायला लावत नाही. तुमचं आधार, पॅन, पासपोर्ट एकाच नावाने असताना तिसरंच नाव सरकारी कागदावर घालणं कुणाच्याच सोयीचं नाही, हे शांतपणे पटवून देता येतं. घर घेताना दस्तात नाव घालायचं असेल तर या मुभेचा उल्लेख नक्की करा.

एखाद्या कागदावर चुकीचं नाव चढलंच तर लगेच अर्ज करून दुरुस्त करा. तोवर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र कामी येतं, पण तो तात्पुरता टेकू आहे. त्यावर वर्षानुवर्षं काढू नका.

सातवी पायरी: पहिलं वर्ष

आता सैल सोडायचं ते कुठे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात ‘वेलकम स्नेहा पवार’ आलं तर हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळ्या व्हा. पत्रिकांवर ‘श्री. व सौ. पवार’ येणारच, तेही आमंत्रणच आहे. दूधवाला, वाचनालयातले काका, सोसायटीचा वॉचमन ‘पवार वहिनी’ म्हणतील, म्हणू द्या. जे तुमच्या सहीच्या वर किंवा खाली छापलं जात नाही त्यावर शक्ती खर्चू नका. सासूबाईंनी एखाद्या समारंभात मुद्दाम, तुमच्याकडे बघत, नवं नाव उच्चारलं तर तिथे काही बोलू नका. तो विषय घरी, आणि तोही नवऱ्याने काढायचा.

दारावरची पाटी मात्र लवकर करून घ्या. दोघांची पूर्ण नावं, एकाखाली एक, सारख्याच आकारात. सासूसासऱ्यांच्या घरी राहत असाल तर पाटी त्यांची असते, तिथे हट्ट नको. पण कुरिअर आणि बँकेची पत्रं परत जाऊ नयेत म्हणून टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवायला कुणाची हरकत नसते. सोसायटीत सदस्य म्हणून नाव घालताना भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि खरेदीखत यांतलं नाव अक्षरशः एक असावं.

एवढं करूनही घर राजी होत नसेल तर? कायद्याने तुम्हाला त्यांच्या सहीची गरज नाही, हे मनात ठेवा, पण ते वाक्य जेवणाच्या टेबलावर वापरू नका. बहुतेक घरांत हा विषय पहिल्या दिवाळीपर्यंत धुमसतो आणि मग बाळाचा विषय सुरू झाला की मागे पडतो. नाव हा एकच वाद नसून पगार कुणाच्या हाती, माहेरी किती वेळा जायचं, नोकरी करायची की नाही असे सगळेच वाद असतील, तर मात्र तो आडनावाचा प्रश्न राहिलेला नाही आणि त्याला वेगळी मदत लागते.

आठवी पायरी: मूल

मुलाचं आडनाव काय, हे गरोदरपणाच्या आधी दोघांनी ठरवून ठेवा. वडिलांचंच लावायचं असं ठरलं तरी काही बिघडत नाही. तुम्ही स्वतःचं ठेवलं म्हणून मुलाचंही तुमचंच हवं असं नाही, आणि हे सासरी लवकर सांगितलं तर निम्मी धास्ती तिथेच संपते. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. तुमचं नाव मुलाच्या नावात असणारच आहे.

पण खरी काळजी घ्यायची ती जन्मनोंदीत तुमच्या स्वतःच्या नावाची. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्याचं वजन फार वाढलं आहे, आणि त्यात आईचं नाव चुकलं तर पुढे प्रत्येक फॉर्मवर अडतं. बाळाचं नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत तर विलंब शुल्कही लागत नाही, त्यामुळे त्याची घाई नको. दवाखान्यात दाखल होताना केसपेपरवर नवऱ्याने धावपळीत ‘स्नेहा निखिल पवार’ असं लिहिलं की तेच नाव जन्मनोंदीच्या फॉर्मवर उतरतं आणि महापालिकेत जातं. म्हणून नाव नोंदवतानाच तुमच्या आधारची प्रत फाईलला लावून घ्या, आणि डिस्चार्जच्या आधी जन्मनोंदीचा भरलेला फॉर्म मागून आईच्या नावाचा रकाना स्वतः वाचा, मधल्या नावासकट.